वरची वीतभर फट

बोलायला लागण्याआधी ती शेळीचा कान धरायची. दोन बोटांत, हलकेच. समोर मी असो की सरपंच, कान हाती आल्याशिवाय तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. मग पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी कान बघा, सायेब. बाकीचं मंग." कान गरम तर शेळी बरी, कान गार तर काहीतरी बिनसलंय, एवढंच तिचं वैद्यक.

निफाडच्या बाजूला गुरांच्या दवाखान्यात मी स्टॉकमन म्हणून लागलो, तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. स्टॉकमन म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टरांच्या हाताखालचा, जेमतेम ट्रेनिंग घेतलेला माणूस. पण गाव मला डॉक्टर म्हणायचं आणि मी ती चूक दुरुस्त करायचो नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे काय ते पाहायचं असेल, तर माझा त्या वर्षीचा फोटो पाहावा. गळ्यात स्टेथोस्कोप आहे. तो डॉक्टरांचा आहे.

मी तिला मावशी म्हणायचो. नवरा कधीच गेलेला. मुलगा नाशिकरोडला नातेवाइकांकडे राहून शिकत होता आणि त्याचं शिक्षण या अकरा शेळ्यांवर चाललं होतं. त्यामुळे दिवाळी सरली की मावशी शेळ्यांच्या हिवाळ्याला लागायची. खाली उसाचं कोरडं पाचट अंथरायची. कांद्याच्या बारदानाच्या झुली शिवायची. गाभण शेळ्यांना बाजरीच्या घाट्यात गूळ आणि ओवा. गोठ्याचा पऱ्हाट्यांचा कूड, म्हणजे कापसाच्या काटक्यांची भिंत, ती शेणामातीनं असा लिंपायची की सुई जाणार नाही. पण छपराच्या खाली चहूबाजूंनी वीतभर फट मात्र तशीच ठेवायची.

ती फट माझ्या डोळ्यांत खुपली.

"मावशी, सगळं केलंत आणि वर थंडीला दार ठेवलंत?"

"खाली बंद, वर उघडं," ती म्हणाली. "बकऱ्या रातभर मुतत्यात, सायेब. त्याची वाफ कुठून जायची?"

"अहो, हे शास्त्र आहे," मी म्हणालो. शास्त्र म्हणजे ट्रेनिंगच्या वहीतली एक ओळ : थंड वाऱ्यापासून जनावरांचे रक्षण करावे. पुढचं पान मी उतरवून घेतलं नव्हतं, कारण त्या दिवशी आम्ही सिनेमाला गेलो होतो.

मी पिंपळगावहून प्लास्टिकचा कागद आणला, स्वतः स्टुलावर चढलो आणि खिळे ठोकून फट बंद केली. उतरताना पँट फाटली. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी बसलेला असतो!

आठवड्यानं सकाळीच मावशी दवाखान्यात आली. आल्या आल्या, हातात कान नसतानाच म्हणाली, "सायेब, कान गार झालेत."

गोठ्याचं दार उघडलं आणि माझे डोळे चुरचुरले. प्लास्टिकवरून पाणी ठिबकत होतं, पाचट ओलंगच्च, शेळ्या खोकत होत्या. तिची लाडकी गाभण चांदी मान टाकून पडली होती. मी तिचा कान धरला. बर्फ.

"मावशी, हा कागद फाडला का नाहीत?"

"तुम्ही लावला हुता. तुम्हाला इचारल्याबिगर कसा काढू?"

तिनं शिव्या घातल्या असत्या, तर मी मान खाली घालून ऐकल्या असत्या. पण तिनं एकही दिली नाही. मी कागद फाडला, इंजेक्शनं दिली. तिनं शेळ्या उन्हात काढल्या, नवं पाचट अंथरलं. मग तिची नजर माझ्या अंगावरच्या स्वेटरवर थांबली. आईनं विणलेला, मरून रंगाचा. मी तो काढून दिला आणि तिनं तो चांदीला घातला, पुढचे पाय बाह्यांत घालून, वर गुंड्याही लावल्या.

चांदी वाचली. पौषात तिला दोन करडं झाली, त्यातलं एक संध्याकाळपर्यंतच टिकलं. "एक तरी हाय," मावशी म्हणाली. गेलेल्या त्या एकाचा हिशेब मी तेव्हा कुणाला दिला नाही. चांदी मात्र संक्रांतीपर्यंत माझा स्वेटर घालून गावभर फिरली. पारावरची मंडळी मला पाहिलं की म्हणायची, "आत्ताच तर तुम्ही पाला खात हुता की डाक्टर, इतक्यात इकडं कसं?"

पुढच्या हिवाळ्यात तपासणीला मोठे साहेब आले. मावशीचा गोठा पाहून खूश झाले. "हवा खेळती ठेवलीय. वा! ही फट ठेवायला कोणी सांगितलं, बाई?"

मावशीनं जवळच्या शेळीचा कान धरला. "आमच्या सायबांनी," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि मी? मी हसलो. तेवढंच वाक्य बोलायचं होतं, 'नाही साहेब, यांनीच'. माझी लाज झाकायला ती खोटं बोलली, आणि मी ते बढतीसारखं खिशात घातलं.

काही वर्षांनी माझी बदली झाली. मुलगा नोकरीला लागला आणि तिला नाशिकरोडला घेऊन गेला. तिथं ती आजारी असल्याचं कळलं, म्हणून मी गेलो. थंडीचे दिवस. खोलीची खिडकी घट्ट बंद, वरच्या झडपेत चिंध्या कोंबलेल्या, आत शेगडी. मावशी गोधड्यांत खोकत पडलेली. मी तिचा कान धरला. गार होता.

"ती वरची झडप उघडा," मी मुलाला म्हणालो. "खिडकी राहू द्या. खाली बंद, वर उघडं."

"पण आईला थंडी बाधेल ना? असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या आईनं," मी म्हणालो. "गोठ्यातली फटही त्यांचीच होती. मी तर ती बुजवली होती. एक करडू गेलं माझ्यामुळे."

मुलगा स्टुलावर चढून चिंध्या काढायला लागला. मावशीनं गोधडीतून हात बाहेर काढला. मी खाली वाकलो. तिनं दोन बोटांत, हलकेच, माझा कान धरला.

"गरम हाय," ती म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. त्यानंतर आमची भेट झाली नाही.