नारिंगी रंग आणि बॉयलरच्या नळ्या

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी कोल्हापुरात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. पोलाद अ‍ॅसिडमध्ये ठेवलं की झिजतं. पण त्या अ‍ॅसिडमध्ये योग्य द्रव्य थोडंसं मिसळलं तर पोलादावर त्याचा अगदी पातळ थर बसतो आणि झीज रोखली जाते. अशा द्रव्याला आम्ही इनहिबिटर म्हणायचो. झीज किती झाली हे मी रंगावरून मोजायची. अ‍ॅसिडच्या नमुन्यात एक रसायन टाकलं की विरघळलेल्या लोखंडाचा नारिंगी रंग यायचा. तो जितका गडद, तितका प्रकाश जास्त शोषला जाई, आणि तो मोजणाऱ्या यंत्राचा, स्पेक्ट्रोफोटोमीटरचा, काटा तेवढा वर चढे.

गडहिंग्लजकडच्या एका साखर कारखान्याला गळीत हंगामाआधी बॉयलरच्या नळ्या अ‍ॅसिडने धुवायच्या होत्या. माझ्या मार्गदर्शक सरांनी आमचा इनहिबिटर द्यायचं कबूल केलं, आणि ऐन वेळी ते तापाने आजारी पडले.

"तू जा," ते म्हणाले. "रीडिंग घेत राहा. शंका आली तर गप्प बसू नकोस."

यंत्र गोधडीत गुंडाळून मी जीपने गेले. बॉयलरजवळच्या खोलीत ते मांडलं. नळ्यांतून अ‍ॅसिड फिरू लागलं, तसे मी नमुने घेऊ लागले. सुरुवातीला काटा चढला, त्याची काळजी नव्हती. आधी जुना गंज विरघळतो. मग काटा स्थिरावला. मला हायसं वाटलं.

थोड्या वेळाने तो पुन्हा चढू लागला. आता गंज संपला होता. म्हणजे नळ्याच खाल्ल्या जात होत्या.

मी मुख्य इंजिनिअरना बोलावलं. पन्नाशीचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ.

"अ‍ॅसिड काढून टाकायला हवं," मी म्हणाले.

"बाई, तुमच्या काट्यावर विश्वास ठेवून काम थांबवू? इथं व्होल्टेज वरखाली होतंय. काटा हलणारच की."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी नुसतं शुद्ध पाणी यंत्रात ठेवलं. काटा शून्यावर निश्चल. पुन्हा नमुना ठेवला. मघापेक्षाही वर. मी चुकले असते तर सरांचं नाव जाणार होतं. बरोबर असून गप्प बसले असते तर नळ्या.

"अ‍ॅसिड किती तापलंय?" मी विचारलं. फार गरम अ‍ॅसिडमध्ये इनहिबिटरचा थर टिकत नाही, एवढं मला ठाऊक होतं.

"अ‍ॅसिडच्या टाकीवर थर्मामीटर हाय. ठरल्याएवढंच."

"टाकीतलं नको. बॉयलरमधून परत येणारं."

ते स्वतः परतीच्या पाईपपाशी गेले, हात लावला आणि झटकन मागे घेतला. शोधल्यावर कळलं, वाफेचा एक व्हॉल्व्ह पूर्ण बंदच झालेला नव्हता. त्या वाफेने आत बॉयलर तापत होता.

"काढा सगळं बाहेर," ते ओरडले. "पाणी सोडा."

अ‍ॅसिड निघेपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते.

नळ्या धुऊन उघडल्यावर खालच्या टोकाला टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले. बाकी पोलाद शाबूत होतं. हंगाम वेळेवर सुरू होणार होता. इंजिनिअर आभार मानणाऱ्यांतले नव्हते. जीपमध्ये यंत्र मात्र त्यांनी स्वतः उचलून ठेवलं.

परत आल्यावर सरांना सगळं सांगितलं.

"आपण गरम अ‍ॅसिडमध्ये पुरेसे प्रयोग केलेच नव्हते," ते म्हणाले.

माझं पुढचं वर्ष त्या प्रयोगांतच गेलं.