स्टँडवरची छत्री

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या माझ्या कापडदुकानात एका नवरदेवाच्या मामाला आहेराच्या टॉवेल-टोप्या बांधून देत होतो. लग्नसराई होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. "बाळू, तुझी अक्का उठंना रे," दाजी एवढंच म्हणाले. मी "आलो" म्हणालो आणि तसाच निघालो. त्या मामाच्या टोप्या त्याला दिल्या की हातात घेऊन बेंबळीला गेलो, हे मला आजही आठवत नाही... आता काही आठवडे उलटलेत आणि एका गोष्टीचं हसू येतं. माझ्या टॉवेल-टोपीच्या धंद्याची जी जन्मभराची वैरीण, ती गेल्याची बातमीही मला टोप्या बांधतानाच कळावी.

अक्का बेंबळीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की नववी-दहावीची चार पोरं-पोरी घेऊन एसटीत बसायची आणि त्यांना कामं दाखवायला न्यायची. कधी धाराशिवच्या कोर्टात, कधी एक्स-रे काढणाऱ्याकडं, कधी छापखान्यात, कधी ढोकीला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. पगार किती, परीक्षा कोणती, असलं पहिल्या भेटीत विचारायचं नाही, असा तिचा दंडक. पोरांनी एकच विचारायचं, "या कामात तुम्हाला कंटाळा कशाचा येतो?" समोरचा माणूस आधी चपापायचा आणि मग खुर्ची पुढं ओढून मनापासून बोलायला लागायचा. एका वकीलसाहेबांनी तर पोरांना चहा पाजून तारखांचं असं रडगाणं गायलं, की अशिलाला बाहेर ताटकळत बसावं लागलं. अक्काचं म्हणणं होतं, "आवडीचं काय घेऊन बसलाव? आवड समद्यांना समद्याची असती. ज्याचा कंटाळा सोसंल ते काम आपलं." माझ्याही दुकानात ती ही पलटण आणायची. मी सांगायचो, "सगळी ठाणं उलगडायला लावून गिऱ्हाईक नुसतंच उठून जातं ना, त्याचा." पोरं पोटभर हसायची. त्यातलं एकही कापडाच्या धंद्यात आलं नाही.

काम ठरलं तरी शिकायला पैसा लागतो. शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं शैक्षणिक कर्ज, यासाठी ती आईबापांना घेऊन ऑफिसांचे उंबरे झिजवायची. तरी वसतिगृह, खानावळ, असं काहीतरी उघडं राहायचंच. त्यावर तिनं काढलेला उपाय गावाला लगेच पटला, कारण तो गावाच्या चालीतलाच होता. लग्नात आपण आहेर करतो. तो लग्नापर्यंत कशाला थांबवायचा? पोर कॉलेजला निघालं की तेव्हाच करायचा, आणि टॉवेल-टोपी, झंपरपीस काही नको, पाकीट द्यायचं. मारुतीच्या पारावर सतरंजी पडायची, माइक लागायचा आणि लग्नातल्यासारखीच देणाऱ्यांची नावं पुकारली जायची. "अक्का, तू माझ्या पोटावर पाय देतीस," मी म्हणायचो. "तुझ्या टॉवेलानं अंग तरी पुसतंय का बाळू? पाणी नुसतं हिकडचं तिकडं व्हतंय," ती म्हणायची. खोटं नव्हतं ते. आहेराचा टॉवेल कुणी वापरत नाही. तो या घरातून त्या घरात फिरत राहतो, कारण घेतलेला आहेर कधीतरी परत करावाच लागतो. पाकिटाचंही तसंच होणार, हे मात्र तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

वैशाली ही तिची फार लाडकी विद्यार्थिनी. दहावीत असताना ढोकीच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासणाऱ्या बाईंना तिनं तो ठरलेला प्रश्न विचारला होता. दिवसभर तोच रस नि तेच आकडे, त्याचाच कंटाळा, असं त्या म्हणाल्या. परत येताना एसटीत ही पोरगी हळूच म्हणाली, "बाई, मला न्हाय येणार त्याचा कंटाळा." अक्काच्या नियमानं तिथंच सगळं ठरलं होतं. पण बारावीला वैशालीला इतके मार्क पडले, की गावानं तिला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर करायचं ठरवूनच टाकलं. आणि अक्का, जिनं गावातल्या निम्म्या बापांशी याच गोष्टीवरून भांडणं केली होती, ती या एका पोरीपुरती स्वतःचा नियम विसरली. "एवढं मार्क पडल्यात, वाया कशाला घालवायचं?" मला म्हणाली. पारावर एवढा मोठा आहेर ना त्याआधी झाला, ना नंतर.

वैशाली पहिल्याच वर्षात अडकली. पुन्हा बसली, पुन्हा अडकली, मग कॉलेज सोडून तिथंच एका दुकानात काउंटरला उभी राहू लागली. गावाकडं येईना. अक्का धपाटे बांधून पुण्याला गेली. नोकरदार मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकातच दोघी बोलल्या. "घरी चल," अक्का म्हणाली. पोरगी म्हणाली, "बाई, पारावर माझ्यासाठी नावं पुकारल्यात. त्या घरांतली लग्नं निघतील आता. माझा बाप कुणाकुणाचं फेडंल? कंच्या तोंडानं येऊ म्या?" अक्का एकटीच परतली. धाराशिवच्या स्टँडवरून ती सरळ माझ्या दुकानात आली आणि ठाणाला टेकून बसली. पाणी दिलं, ते तसंच राहिलं. म्हणाली, "बाळू, जायची वाट करून दिली रे म्या तिला, यायची बंद केली."

त्यानंतर पारावर सतरंजी पडली नाही. अक्का पुन्हा बँका आणि दाखले यांच्यामागं लागली, शनिवारची एसटीही चालू राहिली. पण तिला एक नवीन सवय लागली. गावातलं कुणी पोर नापास होऊन किंवा शिक्षण अर्धवट टाकून परत येतंय असं कळलं, की ती काळी छत्री घेऊन बेंबळीच्या स्टँडवर जाऊन उभी राहायची. पोर उतरलं की त्याला छत्रीत घ्यायची आणि मुद्दाम पारावरून, मोठमोठ्यानं आंब्याच्या भावाचं नाहीतर मास्तरांच्या बदल्यांचं बोलत, घरापर्यंत पोचवायची. लोक हसायचे. "घालवायला समदं गाव येतंय, आणायला एक माणूस नको व्हय?" ती म्हणायची. अशी कितीतरी पोरं त्या छत्रीतून घरी गेली. जिच्यामुळं छत्री उघडली ती वैशाली तेवढी आली नाही. दर दिवाळीला अक्का तिच्या आईकडं निरोप ठेवायची. दर दिवाळीला सुट्टी नसायची.

तेराव्याला भावाकडून दुखवट्याचा आहेर जातो. तो घ्यायला त्या सकाळी मी दुकान उघडलं, तर पायरीवर एक तरुण बाई उभी. "काका, बाईंच्या मालकांना टॉवेल-टोपी करायची हाय." आवाजावरून ओळखलं, वैशाली. बस म्हणालो, काय करतेस विचारलं. डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते म्हणाली. काउंटरवर उभं राहून मुक्त विद्यापीठातून बी.एस्सी. केलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "कंटाळा येत नाही?"

"येतो की," ती म्हणाली. "सोसतो."

मग तिला रडू आलं. बाईंना हे कधीचं सांगायचं होतं, पण आधी गावाचं सगळं फेडावं आणि मग वर मान करून जावं, म्हणून थांबले होते, म्हणाली. मला राग आला, कुणाचा ते कळेना. एका फोनचं काम होतं! अक्कानं तो फोन कानाला लावूनच सगळ्या गावाला ढोकीच्या त्या शनिवारची गोष्ट सांगितली असती... वैशालीनं टोपीचा पुडा माझ्यापुढं सरकवला. "तुम्हीच न्या माझ्या नावानं. म्या हितूनच माघारी जाते."

"आहेर ज्याचा त्यानं करायचा असतो," मी म्हणालो आणि तिला बेंबळीच्या गाडीत बसवून दिलं.

अक्का शेवटची दुकानात आली तेव्हा तिची छत्री विसरून गेली होती. "राहू दे, येतेय की," असं फोनवर म्हणाली होती. ती खुंटीवरून काढली, मोटारसायकलला अडकवली आणि गाडीच्या आधी बेंबळी गाठली. अक्का जिथं उभी राहायची, त्या चहाच्या हॉटेलासमोर छत्री उघडून उभा राहिलो. वैशालीनं पायरीवरून छत्री पाहिली आणि तिथंच थबकली. "उतरा ताई, बेंबळी हाय," कंडक्टर म्हणाला.

आम्ही पारावरून गेलो. मला अक्कासारखं बोलता येईना, नुसता चाललो. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "वैशी न्हवं का गं तू? लई दिसानं आलीस. बाईंचं उरकलं की जेवाय ये घरी." बस, इतकंच. आहेराचं कुणी नावही काढलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी खाली बघितलं, कारण जे ती इतकी वर्षं भीत होती ते हे एवढंच होतं, आणि हे तिला सांगू शकणारं माणूस आता फोटोत होतं.

छत्री पुन्हा दुकानातल्या खुंटीवर आहे. निकालाचे दिवस आलेत. बेंबळीच्या गाडीनं कुणाचं पोर मान खाली घालून परत येणार असेल, तर दुकानात नुसता निरोप ठेवा. गिऱ्हाईक असलं तरी मी जाईन.