तीन बोटं
कुणी प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला लागलं, की त्या ओल्या चुन्याच्या वासाने मला रोवण्याचे दिवस आठवतात. धान रोवायला आलेल्या बायांना मालकाने खर्रा द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मीही सकाळपासून तो गालात धरूनच चिखलात वाकलेली असायची. एका दुपारी आम्ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जेवायला बसलो. वांग्याच्या रश्श्याने तोंडात नुसती आग झाली, तरी मी भात बोटांनी चेपून थोडा थोडा आत सारत होते. शेजारी बसलेली मोठी जाऊ म्हणाली, "तोंड उघडून खा न बाई, काऊन अशी चिवडून राह्यली?" मी म्हणाले, "उघडलंच त हाये." तिचा घास हातातच राहिला. जेवणानंतर नेहमीसारखी खर्र्याची पुडी फिरली. ती माझ्यापाशी आली, तेव्हा जावेने माझ्या हातातून घेतली आणि धानाचं रोप दाबावं तशी चिखलात खोल दाबली. आता मी गावोगावी खर्रा सोडवायला जाते. बायांना म्हणते, तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा; जात नसतील, तर खर्र्याने तोंड आखडत चाललंय. माझ्या तोंडात अजूनही दोनच जातात. ती दाखवली, की मला फार बोलावं लागत नाही.