सायराबानूचा हिरवा दगड

जुन्नरचा दिलावरभाई चाळीस वर्षं विहिरी खोदत होता. सुरुंग उडाला की काळ्या खडकाच्या पोकळीत कधीकधी स्फटिक सापडत. ते न मोडता काढावेत ते त्यानंच, आणि त्याचा ताठाही त्याला भारी. बायको, सायराबानू, प्रत्येक दगड जुन्या साडीच्या चिंधीत बांधून ठेवी. पिंपळवंडीच्या विहिरीवरचा हिरवा दगड मात्र तिनं स्वतः मलब्यातून वेचला होता. गेल्या वर्षी ती गेली. त्या चिंधीची गाठ त्यानं सोडली नव्हती.

लेक कशिश पुण्यात भूशास्त्र शिकते. तो दगड कॉलेजच्या संग्रहालयात ठेवायचा, खाली अम्मीच्या नावाची पट्टी लावायची, असं तिनं सरांकडून कबूल करून घेतलं. अट एकच, स्फटिक अखंड हवा. सुट्टीत आली तेव्हा तिनं बापाला एक शब्द शिकवला, पाटन. स्फटिकात एखाद्या दिशेला अणूंची पकड ढिली असते. ठोका बसला की तो तिथंच सुटतो, तोही आरशासारखा सपाट. या हिरव्या दगडात अशी एकच दिशा, आडवी.

"आमच्या हाताला हे ठावं व्हतं. नाव तेवढं नव्हतं," दिलावरभाई हसला.

दगडाच्या बुडाला पांढरा थर होता. तो काढायचाच, सायराच्या नावावर मळका दगड नको, हा त्याचा हट्ट. तुझे हात थरथरतात, पुतण्याला, नौशादला दे, असं मी शेजारी म्हणून दहादा सांगितलं. ऐकेल तर शपथ!

"तिची वस्तू दुसऱ्याच्या हातात न्हाई देनार."

मी समोरच बसलो होतो. त्यानं गाठ सोडली, छिन्नी टेकवली, हलकासा ठोका दिला. छिन्नी सरकली. दगडाचा वरचा भाग अलगद सुटून त्याच्या मांडीवर पडला.

बऱ्याच वेळानं त्यानं फोन लावला. "कशिश, तुटला न्हाई गं. पाटनावर सुटला."

"अब्बा, हाताला लागलं नाही ना?"

"न्हाई. अम्मीची पट्टी?"

"अखंडच लागतो, अब्बा."

त्यानं दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. सांधासुद्धा दिसेना. मला त्याचा भयंकर राग आला होता, तो तिथंच विरला. तुकडे चिंधीत गुंडाळून तो गाठ मारत राहिला, सोडत राहिला.

"ती कशी बांधायची, कधी बघितलंच न्हाई राव," म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला.