मोर्चा आमच्या कारखान्यात शिरला

बालमजुरीविरोधी मोर्चाचे फलक मी रंगवले, तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि लिंबायतमधल्या एका कारखान्यात, सुरतेत, साड्यांवर टिकल्या चिकटवायचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही खान्देशातून आलेलो. वडील लूमवर आणि आई या कारखान्यात. आई साड्यांचे लोंबते धागे कापायची. मला घरी एकटं ठेवायला नको म्हणून तिनं सोबत आणलं, आणि आलीच आहेस तर हात चालव म्हणून माझ्या हाती गोंदाची नळी आली. माझ्यासारखी दहा-बारा पोरं तिथं होती. सगळ्यांची कहाणी थोड्याफार फरकानं हीच.

आमचे शेठ दानधर्म करणारे होते. नदीपलीकडच्या एका संस्थेतली तरुण बेन, म्हणजे ताई, मोर्चासाठी मदत मागायला आली, तेव्हा शेठ लगेच म्हणाले, "कापड माझं, रंग माझा, फलक तयार करून देतो. लहान मुलांचं काम म्हणजे पुण्याचं काम." घोषणांचा कागद ठेवून बेन गेली. पण पेंटर निवडणुकीच्या भिंती रंगवण्यात गुंतलेला. कारखान्यात अक्षर बरं कुणाचं, तर माझं. गावी दुसरीपर्यंत शिकले होते ना.

घोषणा गुजरातीत होत्या. 'बाळमजूरी बंध करो.' मी कागदावरून बघून बघून काढल्या, पण सवयीनं प्रत्येक शब्दावर आडवी रेघ ओढली. गुजराती अक्षरांना ती नसते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शेठ बघून म्हणाले, "राहू दे, टोपी घातल्यासारखं दिसतं. पण हात उचल, अजून पुष्कळ बाकी आहेत." बाकीची पोरंही टिकल्या सोडून फलक धरायला, वाळवायला बसली. एकजण जरा सुस्तावला तर शेठ ओरडले, "अरे, तुमच्यासाठीच चाललंय ना हे सगळं? आणि तुम्हीच आळस करता?"

तेवढ्यात दाराशी बेनचा आवाज आला. शेठनी काय करावं? सगळ्यात मोठा फलक उचलला आणि आम्हा सगळ्यांवर पांघरला. रंग ओला होता. आम्ही खाली श्वास रोखून बसलो.

"अक्षर सुंदर आहे," बेन वर उभी राहून म्हणाली. "पण रेघा का ओढल्यात?"

"पेंटर मराठी आहे," शेठ म्हणाले.

"आणि खाली काय ठेवलंय?"

"साड्यांचे गठ्ठे."

माझ्या शेजारचा गठ्ठा शिंकला. मग आईनं लगेच वरून खोटं खोटं शिंकून घेतलं. बेन गेल्यावर आईनं मला बाहेर काढलं. माझ्या कपाळावर 'बंध' उलटं उमटलं होतं.

मोर्चाच्या दिवशी शेठसमोर खरीच अडचण आली. मोर्चा आमच्याच गल्लीतून जाणार होता आणि सोबत कामगार खात्याचे साहेब असणार होते. पोरांना ठेवायचं कुठं? गच्चीवर ऊन, घरी पाठवावं तर रस्त्यातच दिसणार. बराच विचार करून शेठनी मांडीवर थाप मारली. "मोर्चातच जा. मोर्चातल्या पोरांना कोण विचारतंय?"

आम्ही गेलो. तिथं संस्थेला पोरंच कमी पडत होती. बेननं आम्हाला अगदी पुढे उभं केलं. मी घसा फुटेस्तोवर ओरडले. काम नाही, ऊन छान, सगळ्यांसमोर ओरडायची मोकळीक! इतकी मजा मला सुरतेत त्याआधी कधी आली नव्हती.

कारखान्यासमोर शेठ हार घेऊन उभे होते. साहेबांच्या गळ्यात त्यांनी हार घातला, सरबत वाटलं. बेन भाषणाला उभी राहिली. आणि नेमकी तेव्हाच वॉचमननं, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं म्हणून, रोजची दोनची घंटा दिली. जेवणाची सुट्टी संपली.

मला अजूनही सांगता येत नाही की आम्ही आत का गेलो. कुणी ठरवलं नव्हतं. घंटा झाली आणि पाय वळले. पुढे आम्ही, हातात फलक. मागच्यांना वाटलं मोर्चा इकडून वळतोय, म्हणून तेही आले. साहेब आले, बेन आली. आम्ही फलक भिंतीला टेकवले, आपापल्या जागी मांडी घातली आणि टिकल्या चिकटवायला लागलो. मी तीन चिकटवल्या आणि मग मान वर केली. सगळा मोर्चा आमच्याकडे बघत उभा होता. आईनं कपाळाला हात लावला.

शेठच्या तोंडावरचा रंग उडाला, पण क्षणभरच. "नाटक, साहेब!" ते ओरडले. "जुओ, बीजाने त्यां आवुं थाय छे!" म्हणजे बघा, दुसऱ्यांकडे असं चालतं.

साहेबांनी आधी बेनकडे पाहिलं, मग शेठकडे, आणि टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागे सगळ्यांनी वाजवल्या, बेननंही; तिला वाटलं, शेठनीच हे गुपचूप बसवून घेतलंय. कुणीतरी फोटो काढला. साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हुबेहूब! फक्त चेहरा जरा दुःखी पाहिजे. ही पोरगी तर हसतेय." मग बेनला म्हणाले, "हे ठिकठिकाणी दाखवा."

अशी आम्ही नटमंडळी झालो. बेन आम्हाला टेम्पोतून वस्त्यावस्त्यांत न्यायची. शेठ साड्यांचा गठ्ठा सोबत द्यायचे. "खरं वाटायला नको का?" परत येईपर्यंत गठ्ठ्याचं काम झालेलं असायचं. बेन मला रडायला शिकवायची. "तुला खूप थकवा आलाय असं समज," ती हिंदीत सांगायची. मी समजायला बघायची, पण मोकळ्या हवेत बसून, लोक बघत असताना टिकल्या लावायचं मला अप्रूप होतं. रडू यायचंच नाही. भेस्तानच्या वस्तीत तर प्रयोग संपल्यावर एक गृहस्थ आमच्यासोबत आलेल्या शेठच्या माणसाला बाजूला घेऊन विचारत होते, "पोरांचा हात फार साफ आहे. कुठून आणली? आमच्याकडे पाठवाल?"

तिसऱ्या प्रयोगानंतर बेन साड्यांच्या घड्या घालायला लागली. एक साडी उचलली, उलगडली, दुसरी उलगडली. सगळ्या पुऱ्या झालेल्या. तिनं माझा हात धरून बोटं पाहिली. गोंद सुकून टोकांची साल निघालेली होती.

"किती दिवस झाले करतेस?"

"नाटक? तीनदा."

"हे काम."

"दोन दिवाळ्या झाल्या," मी म्हणाले.

ती टेम्पोच्या फळीवर खाली बसली. मग माझी माफी मागितली. कशाची, ते मला कळलं नाही. मला वाटलं मी रडत नव्हते म्हणून तिला वाईट वाटलं असावं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की रडेन." त्यावर तीच रडली.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. आई तिच्यावर खेकसली, "हाई पोर एकटी घरमा बसी, तं माले चैन पडस का? शाळामा कोन टाकी हिले?"

"मी टाकते," बेन म्हणाली. आईची अहिराणी तिला किती कळली कोण जाणे, पण 'शाळा' हा शब्द कळला.

तिनं कामगार खात्याकडे तक्रार केली. पण साहेबांचा टाळ्या वाजवतानाचा फोटो पेपरात आला होता. ते काय लिहिणार? शेवटी लेखी आदेश निघाला, की सदर नाटकाचे प्रयोग ताबडतोब थांबवावेत. शेठ मात्र घाबरले. त्यांनी एका दिवसात सगळ्या पोरांना काढून टाकलं. काही पोरं पुढच्या गल्लीतल्या कारखान्यात लागली, हेही सांगायला हवं. मी आणि आणखी तिघी महापालिकेच्या मराठी शाळेत गेलो. मला तिसरीत बसवलं. वर्गात सगळ्यात उंच मी, पाय बाकाखाली मावत नव्हते.

आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. मग एका दुपारी वर्ग चालू असताना ती खिडकीशी येऊन उभी राहिली. गुरुजींनी विचारलं, "कोण पाहिजे?"

"कोनी नई," ती म्हणाली. "पोर बसेल शे का, ते दखाले उनू."

"बसली आहे," गुरुजी म्हणाले.

आईनं स्वतः एकदा डोकावून खात्री करून घेतली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत कामावर गेली.