करी रोडच्या काकींची माळ

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा-मोर्चांचे ते दिवस. लालबागच्या चाळीत मी नवी सून होते. सासरे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे. सभा असली की जेवणसुद्धा विसरायचे. त्या वर्षी मात्र सभा नसतानाही ते ताटावरून उठू लागले. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. शेजारी म्हणाले, "कावीळ आहे. करी रोडच्या काकींना बोलवा."

काकी मूळच्या सासऱ्यांसारख्याच मालवणकडच्या, कावीळ उतरवणाऱ्या. औषधी मुळ्यांच्या तुकड्यांची माळ त्यांनी सासऱ्यांच्या डोक्यावर ठेवली. माळ वाढत खाली आली की कावीळ उतरते, अशी सगळ्यांची श्रद्धा. आठवड्यात माळ छातीपर्यंत आली, पण डोळे हळदीसारखेच. शिवाय उजव्या बरगडीखाली कळा आणि हुडहुडी भरून ताप.

काकी पुन्हा आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "परसाकडचो रंग कसो आसा?"

सासूबाई गावी, नवरा पाळीवर. सासऱ्यांना हे विचारायचं कुणी? शेवटी पदर सावरून, भिंतीकडे बघत मीच विचारलं. तेही भिंतीकडेच बघत म्हणाले, "पांढरो. चुन्यासारखो."

काकींनी तिथल्या तिथे माळ काढली. "ह्यां माझ्या हातातलां नाय. आत्ताच्या आत्ता डागदराक दाखवा."

त्या स्वतः आमच्याबरोबर परळच्या इस्पितळात आल्या. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला. या वेळी मी न लाजता उत्तर दिलं. तपासण्या झाल्यावर ते म्हणाले, "पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. पित्त आतड्यात उतरतच नाही, म्हणून तो पांढरा रंग. ऑपरेशन करावं लागेल."

"माका पोट फाडून घेवचां नाय," सासरे हटून बसले.

"माझ्या माळेवर इश्वास ठेवलात ना?" काकी म्हणाल्या. "मगे आता ह्यांच्यावर ठेवा."

हरभऱ्याएवढा खडा निघाला. महिन्याभरानं सासरे पोटभर जेवू लागले, आणि घसा बसेपर्यंत घोषणाही देऊ लागले.

मी काकींना एकदा म्हटलं, "तुमचं नाव जाईल, असं नाही वाटलं?"

"माणूस गेलो तर नाव घेवन काय करू?"

साधी कावीळ बहुधा आपली आपणच उतरते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. काकींना ते पहिल्यापासून ठाऊक होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.