धुरामागचं रॉकेट

वसंत सर गेल्याचं मला साखळीच्या बसस्टँडवर कळलं. फोंड्याची बस सुटत होती आणि कंडक्टर, आमचाच जुना विद्यार्थी, दारातूनच म्हणाला, "सर सकाळी गेले." बस निघून गेली... मी तिथेच उभा राहिलो.

आम्ही डिचोलीच्या एका शाळेत शिकवत होतो, ते विज्ञान आणि मी मराठी. पणजीहून ते अवकाश उड्डाणांच्या जुन्या फिल्म आणायचे आणि शनिवारी वर्गाच्या खिडक्या झाकून दाखवायचे. निवेदनावर त्यांचा भरवसा नसे. एका रॉकेटची गोष्ट सांगतात आणि चित्र दुसऱ्याचंच जोडतात, असं ते म्हणत. फुगीर पोट आणि तळाला चार मोठे पंख म्हणजे व्ही-टू. सरळ, पेन्सिलीसारखं अंग आणि आखूड पंख म्हणजे रेडस्टोन. पंख नाहीत आणि अंगावरून बर्फाचे पापुद्रे गळतात, ते अ‍ॅटलस. हे सगळं मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो.

मग गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं. ते कोकणीचे, मी मराठीचा. रस्ते अडवायला झाडं आडवी पाडली गेली, आणि स्टाफरूममध्ये आमच्या दोघांच्या खुर्च्यांमधलं बोलणंही थांबलं. त्याच काळात काचबिंदूने त्यांची नजर जात होती. मला ते माहीत नव्हतं. एका दुपारी त्यांच्या पत्नी, शालिनीवहिनी, सर्वणला माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "फिल्म हाडल्या तांणी. पूण दिसना तांकां. तुमी येतले?"

फिल्म आणून ठेवलेल्या, आणि बघायला नजर नाही; मी गेलो. भाषेचा विषय दोघांनीही काढला नाही. पडद्यावर चित्र सुरू झालं तसं त्यांनी विचारलं, "कितें दिसता? धुंवर कसलो?" धूर कसा, पट्टे कुठे, टोक किती निमुळतं, हे मी मराठीत सांगायचो आणि ते कोकणीत नाव सांगायचे. गोव्याचं वेगळं राज्य झालं, फटाके वाजले, तेव्हाही आम्ही असेच बसलो होतो.

शेवटी ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या मुलीने एका उड्डाणाचा व्हिडिओ लावला. मी सांगितलं, "सरळ अंग. आखूड पंख."

"व्ही-टू," ते म्हणाले.

मी खुर्ची पुढे ओढून पंख पुन्हा निरखले. खुर्ची सरकल्याचं ऐकून त्यांनी विचारलं, "चुकलें मूं?"

"रेडस्टोन वाटतंय, सर."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "बंद कर बाये," मुलीला म्हणाले. त्यानंतर त्यांनी फिल्मचं नाव काढलं नाही. मी जायचो, पेज पाजायचो, परत यायचो.

सर गेल्यानंतर, परवा टीव्हीवर जुन्या उड्डाणाचं चित्र दाखवलं. निवेदक भलतंच नाव सांगत होता. बायकोने विचारलं, "बरोबर सांगतो का हा?"

"नाही," मी म्हटलं. खरं नाव मला धूर विरायच्या आधीच कळलं होतं. पण नाव सांगायचं ते सरांनी... मी उठून ओसरीवर जाऊन बसलो.